निळी केलेली दुपार

आबा, तुमचा तो सिनेमा मी या आठवड्यात पुन्हा पाहिला. तुम्हाला जाऊन आता दहा वर्षं होतील. कोणीतरी तो इंटरनेटवर फुकट टाकला आहे आणि खाली मोजक्या लोकांनी काहीबाही लिहिलं आहे, त्यातल्या निम्म्या शिव्याच. त्या सिनेमाबद्दल मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची सांगितली होती. ती दुरुस्त करायला बसले आहे. आमच्या कामात चूक सापडली की आधी ती कशी झाली ते क्रमाने लिहून काढतात, म्हणून तसंच लिहिते.

सिनेमा वाईटच आहे. हे मी तेव्हाही म्हटलं होतं, त्यात बदल नाही. शापित जंगल, तिथे मारलेली एक बाई, पांढऱ्या लुगड्यात हिंडणारं तिचं भूत, आणि शहरातली चार पोरं, ज्यांची जीप नेमकी तिथेच बंद पडते. वाऱ्याचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला आहे. सगळ्या रात्री भर दुपारी काढून नंतर संगणकावर निळ्या केल्या आहेत; सावल्या झाडांच्या बुडाशी गोळा झालेल्या दिसतात, म्हणजे ऊन डोक्यावर होतं. आणि हजार वर्षांचं म्हणून जे जंगल दाखवलंय ते तुमचं रोपवन आहे. कडुनिंब, करंज, शिरस, तीन बाय तीन मीटरवर दोरी धरून लावलेले, मनगटाएवढ्या खोडांवर गेरूचे पट्टे आणि नंबर. आपल्या माजलगावच्या बाजूला दाट म्हणावं असं तेवढंच होतं, आणि तेही तुम्ही वनमजूर म्हणून खांद्यावरून पाणी वाहून वाढवलेलं. त्याला कोण भिणार? मीच तिथे शाळेचा अभ्यास करायचे.

शूटिंगचा तिसरा दिवस मला स्वच्छ आठवतो. मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला, बीडहून सुट्टीला आलेली. आई भाकरी थापते आहे. तुम्ही उंबऱ्यावर बसून पायातला काटा काढता आहात आणि काटा निघायच्या आधीच बोलायला लागता.

"भूत होणारी बाई पुण्याची. दोन पावलं टाकली की काटा, आन् बसती रडत. मंग सायेब मला म्हणले, मामा, तुमीच चाला."

"लुगडं नेसून?" आईचे हात थांबतात.

"मंग? भूत काय धोतरावर हिंडतंय?"

"आन् मिशीचं काय केलं?"

"पदर घेतला की तोंडावर."

आई इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. मी हसले नाही. "हे बाहेर कोणाला सांगू नका," एवढंच म्हणाले. तोवर तुमचं निम्म्या गावाला सांगून झालं होतं.

वर्षभराने सिनेमा माजलगावच्या टॉकीजला लागला. तुम्ही इस्त्रीचा सदरा घातलात आणि मला म्हणालात, "चल. मला काय नीट दिसंना. तू बघ आन् सांग." तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. झाडं तुम्ही हाताने ओळखायचात, पण उजेड-अंधाराच्या खेळात तुमचं काही चालत नव्हतं. म्हणजे त्या दिवशी माझं काम पाहणं आणि कळवणं हे होतं. त्यापेक्षा साधं काम मला नंतर कधी कोणी दिलं नाही.

तिकिटाच्या खिडकीपाशी माझ्या वर्गातली एक मुलगी भेटली, आपल्याच वाटेवरच्या एका गावची. माझे वडील म्हणून तिने तुम्हाला नमस्कार केला आणि माझ्या डाव्या बाजूला बसली. तुम्ही उजव्या बाजूला. पंखे खडखडत होते. मध्यंतराच्या थोडं आधी तुम्ही माझ्या कानाशी वाकलात.

"मी आलो का?"

"अजून नाही."

मध्यंतरानंतर तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. पाठ टेकवली नाहीत, शेंगांची पुडी सोडली नाहीत. पडदा पांढरा होऊन दिवे लागेपर्यंत तुम्ही ताठ बसून होतात. बाहेर उन्हात डोळे चोळत म्हणालात, "काटलं आसंल. त्यांला लई काटावं लागतं. मोठं काम आसतंय." मग जरा थांबून, "झाडं दिसली का पण?"

"दिसली."

"मंग झालं."

परतीच्या जीपमध्ये मी मैत्रिणीला सिनेमातल्या चुका एकेक करून सांगत होते: सावल्या, वारा, ओळीत उभी झाडं. ती उतरून गेल्यावर गावात पोचले आणि पारावर कोणी विचारलं तर तिथेही तेच सांगितलं. बघू नका, काही नाही त्यात, आबापण नाहीत. इंजिनिअर होणाऱ्या पोरीचा शब्द. कोणीच गेलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी सिनेमा उतरला. त्यानंतर गावाने तुम्हाला भूतराव हे नाव दिलं. "काय भूतराव, कुठं गायब झालावो?" असं कोणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "दिसलं तर ते भूत कसलं बे!" आणि सगळ्यांच्या आधी स्वतः हसायचात. दोन वर्षं हसलात. मग गेलात.

आता मी ड्रोनने वरून काढलेल्या फोटोंवरून नकाशे करते. त्यात झाडं मोजणं हाही एक भाग असतो. एकेका खोडाची सावली बघून झाड आहे की नाही ते ठरवायचं. त्यामुळे तुमचा प्रसंग शोधायला मला वेळ लागला नाही. चित्र उजळ केलं, निळा रंग काढून टाकला, आणि दुपार परत आली. अकरा सेकंद आहेत. दोन करंजांच्या मधून भूत येतं. वाटेत एक नवं रोप आहे, मेलेल्या झाडाच्या जागी लावलेलं, भोवती पाण्यासाठी केलेलं आळं. भूत थांबतं. धोतराचा सोगा उचलावा तसं डाव्या हाताने लुगडं उचलतं आणि आळ्याला वळसा घालून पुढे जातं. मग दोन पावलं मागे येतं, वाकून रोपाची कलंडलेली काठी सरळ करतं, मातीवर टाच दाबतं, आणि पुन्हा भूत होऊन चालायला लागतं. ज्यांनी हे कापलं नाही त्यांनी सिनेमा नीट पाहिला नसणार. त्यात खरं असं तेवढंच आहे.

इथपर्यंत लिहिलेलं सगळं बरोबर आहे, पण क्रम पूर्ण नाही. या जागी टॉकीजमध्ये लोक हसले होते. मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, हे भूत तर वन खात्यातलं हाय!" मैत्रिणीने माझा दंड धरला. "बाई गं, चाल बघ, बाप्या आहे हा!" ती हसली, आणि तिच्याबरोबर मीही हसले. तुम्ही माझं हसणं ऐकलंत. "तू कावून हसलीस?" म्हणालात. मी म्हटलं, "उगीच." त्यानंतर तुम्ही विचारलंत, मी आलो का. चित्र तेव्हा एवढं उजळ नव्हतं, पण त्याची गरजही नव्हती. सोगा उचलला तेव्हाच मी ओळखलं होतं. 'अजून नाही' म्हणाले, कारण 'आलात' म्हटलं असतं तर तुम्ही मोठ्याने बोलला असतात आणि तिने ऐकलं असतं. पुढचा तास-सव्वा तास तुम्ही माझ्या त्या 'अजून'वर बसून राहिलात.

सध्या गावीच आहे. परवा स्वयंपाकघरात ओट्याशी लॅपटॉप उघडून बसले होते, पडद्यावर तुम्ही रोपाशी वाकलेले. आई चहा घेऊन आली. तिची नजर अजून चांगली आहे. "काय बघायलीस गं यवढं?" मी लॅपटॉप मिटला आणि म्हटलं, "कामाचं आहे." झाडं होतीच त्यात. तिला दाखवायचं तर आधी हे वरचं सगळं सांगावं लागेल, आणि तुम्हाला लिहिणं त्या मानाने सोपं आहे, कारण हे कुठे पोचणार नाही. ती शेजारी बसून चहा प्यायली. मग आपल्याच नादात म्हणाली, "ह्यांचा एक फोटो बी नीट न्हाई आपल्याकडं. त्या मेल्यांनी काटलं नसतं तर त्यात तरी दिसले आस्ते."

मी म्हटलं, "हो ना."