शेजारचा अली

काझिमदादा,

"अली आपले, उमर त्यांचे, पण पैगंबरांच्या पंगतीला दोघंही होते ना?" माझं बाळ मांडीवर घेऊन तू म्हणाला होतास. पैगंबरांनंतर गादीचा हक्क अलींचाच होता, असं आपण शिया मानतो. माझ्या सुन्नी सासरी मात्र खलिफा उमर म्हणजे न्यायी माणसाचा आदर्श. तुझ्या त्या एका वाक्यावर विसंबून मी मुलाचं नाव उमर ठेवू दिलं.

परवा आईला नजफला, अलींच्या कबरीच्या गावी, पुरायला नेलं, तेव्हा त्यानेच जनाज्याला खांदा दिला. "हा कोण रे?" मौलवींनी विचारलं. तू म्हणालास, "शेजारचा अली. गुणी पोरगा आहे हो."

उमरने माझ्याकडे पाहिलं. मीही गप्प राहिले.

बगदादला परतताना तो एवढंच म्हणाला, "आजी तर मला गच्चीवरून ओरडून हाक मारायची. सगळ्या गल्लीला ऐकू जायचं."

चौदाशे वर्षांचं भांडण तू मिटव, असं मी म्हणत नाही. हे पत्रही बहुधा टाकणार नाही, कारण तुझा नकार मला माहीत आहे. तरी मागते. आईच्या चाळिसाव्याला, सगळ्यांसमोर, त्याला एकदा हाक मार: "उमर, भाच्या, इकडे ये."

तुझीच म्हणवणारी,
इल्हाम