तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थिनीस गटार विभागात घेण्याबाबत

प्रति,
मा. प्रशिक्षण अधिकारी,
पश्चिम उपनगर नागरी सुविधा मंडळ,
अंधेरी (पश्चिम), मुंबई.

विषय : रोखलेले आंतरवासिता प्रमाणपत्र मिळणे व विभाग बदलून मिळणे.
संदर्भ : तक्रार कक्षाचे पर्यवेक्षक श्री. नितेश साटम यांचा ‘काम सोडून निघून गेली’ हा शेरा.

महोदय,

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षात तत्त्वज्ञान शिकते. या विषयाला नोकरी कुठे, हे वडिलांनी आणि आमच्या इमारतीतील बहुतेकांनी विचारून झाले आहे. निदान आंतरवासितेतून उत्तर सापडेल, या आशेने मी आपल्या तक्रार कक्षात रुजू झाले. मला फोनवर बसवण्यात आले.

सुरुवातीस माझे कौतुक झाले, हे नम्रपणे नमूद करते. लोक चिडून फोन करीत आणि शांत होऊन ठेवीत. शिक्षणाचा उपयोग झालेला पाहून मी फुगले. तक्रारी पुढे पाठवीत होते. पुढे त्यांचे काय होते, हे विचारणे मात्र सुचले नाही. प्रश्न विचारणे हाच ज्या विषयाचा धंदा, त्याची मी विद्यार्थिनी.

मासळी बाजारातील कृष्णाबाई रोज फोन करीत. गटार तुंबून त्यांच्या ओट्यापुढे घाण पाणी साचले होते, गिऱ्हाईक फिरकत नव्हते. मी त्यांना संयमाचे महत्त्व सांगत असे. एके दिवशी त्या म्हणाल्या, “पोरी, बोलतेस गोड. पन तुझं बोलून झालं तरी पानी तिथंच ना गं!”

याचे खंडन मला करता आले नाही. जेवणाच्या सुट्टीत मी बाजारात गेले आणि त्या पाण्यात उभी राहून गटार विभागाचे मुकादम श्री. खंडू शेलार यांना फोन लावला. ते म्हणाले, “नोंद घेतली आहे.” हे वाक्य मीही रोज वापरते, तेव्हा गाळ उपसणारी गाडी येईपर्यंत हलणार नाही, असे मी कळवले. गाडी आली. गाळ निघाला, पाणी गेले. कृष्णाबाईंनी स्वतः बादली आणून माझे पाय धुतले. मला लाज वाटली, आणि रडूही आले.

इकडे कक्षातला फोन दुपारभर वाजत राहिला. साटम साहेबांचा राग रास्त आहे. परंतु प्रमाणपत्राविना माझी पदवी अडेल. तरी मुदत संपल्यावर ते द्यावे, आणि आंतरवासितेचे उरलेले दिवस मला गटार विभागात काम द्यावे. मुकादमांची हरकत नाही. गमबूट स्वतःचे आणावेत, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

घरी मी ‘अभियांत्रिकी विभागात बढती’ असे सांगितले आहे. वडिलांचा फोन आल्यास कृपया सांभाळून घ्यावे.

आपल्या होकाराच्या आशेवर,
आपली नम्र,
गंधाली दत्ताराम मेस्त्री
दिंडोशी, गोरेगाव (पूर्व)
दि. १२ जानेवारी २०२६