निळी की राखाडी

६ जानेवारी २०२५, सोमवार

दादाचा फोन. दीड मिनिट. त्यात आईला दहा सेकंद, आबांना "जय हिंद", बाकी सगळा वेळ मोटरसायकल!

फेब्रुवारीत सुट्टीवर येतोय. तो यायच्या आत गाडी दारात उभी पाहिजे म्हणे. दोन मनात भरल्यात. एक निळी, साडेतीनशे सीसीची. दुसरी राखाडी, चारशेची. दोन्हींना पुढं काच नाही, झाकपाक नाही, इंजिन उघडं. निवड माझ्यावर सोपवलीय. "शोरूमची एक चक्कर मारून सांगू नगंस अंके. रोज चालवून बघ. कामाला जाताना, बाजारात, खड्ड्यात. मग सांग."

मला गाडी शिकवली त्यानंच, कॅनॉलच्या रस्त्यावर. पडले की आधी धावत यायचा, लागलं का बघायचा, आणि मग पोट धरून हसायचा. त्याला नाही कसं म्हणणार? रोज रहिमतपूरहून साताऱ्याला लॅबला जायचंच आहे, सत्तावीस किलोमीटर जाऊन तेवढंच परत. स्कूटरऐवजी ही. लॅबमधल्या निमिषकडं निळी आहे, सांगलीत मामांच्या ऋषिराजकडं राखाडी. दोघांनाही मस्का लावायचा.

एकच खटकलं. फोनवर मागं एक बाई म्हणाली, "मामा, ताट घ्या." चक्क मराठीत. दादाच्या पोस्टवर मराठी बाई कुठली?

विचारता येत नाही. आमच्या घरात नियम आहे. आबा सुभेदार होऊन रिटायर झाले, नियम त्यांचाच. फौजीला फोनवर कुठं आहेस, कसा आहेस, विचारायचं नाही. "इचारलं की त्याला खोटं बोलाय लागतं. पोराला खोटं बोलाय लावू नगा." आईनं अठ्ठावीस वर्षं आबांना विचारलं नाही. दादाला भरती होऊन अकरा झाली, त्यालाही नाही.

७ जानेवारी

निळी आणली. निमिषनं किल्ली देताना तोंड असं केलं की मुलगीच सासरी धाडतोय. "खड्ड्यातून हळू ने हं. आणि टाकीवर बॅग ठेवू नकोस, ओरखडे पडतात." स्वतः कधी पोवई नाक्याच्या पलीकडं नेत नाही आणि मला सांगतोय!

संध्याकाळी आबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. वाकले. गिअरची पट्टी बोटानं वर केली, खाली केली. दोनदा. आत गेले.

९ जानेवारी

निळीबद्दल. वजनाला जड, पण सीट खाली, माझे दोन्ही तळपाय टेकतात. क्लच लोण्यासारखा. सगळ्यात भारी म्हणजे तिसऱ्या गिअरात बैलगाडीच्या मागंही कुरकुर न करता चालते. गिअर बदलायचं कामच पडत नाही. पण पळत नाही. ऐंशीच्या पुढं हात बधिर होतात. ट्रॅफिकमध्ये इंजिनाची धग उजव्या पोटरीला लागते.

दादाला हे सगळं सांगितलं. धगीचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. म्हणाला, "घरापासनं लॅबपातूर डावा पाय किती येळा उचलावा लागतोय, मोज."

"फौजेत राहून एवढा आळशी कसा झालास रे?"

हसला. पण उशिरा हसला.

१० जानेवारी

मोजलं. एकसष्ट वेळा. डावा पाय गिअरला एकसष्ट वेळा. वेड्यासारखी पुटपुटत चालवत होते. शेजारच्या रिक्षावाल्याला वाटलं जप करतेय.

व्हिडिओ कॉल तुळशीच्या लग्नापासून बंद आहे. नेटवर्क नाही म्हणतो. आवाज मात्र शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ येतो.

१२ जानेवारी, रविवार

काल निळी परत केली. आज एसटीनं सांगली. मामींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. ऋषिराज म्हणाला, "घिऊन जा, पण सांभाळून. ही लय उतावळी हाय."

आहेच. पेठनाक्याला हायवेला लागले आणि कराड कधी आलं कळलं नाही. गिअर वर टाकताना क्लच दाबायचीसुद्धा गरज नाही, नुसता पायाचा अंगठा उचलला की पडतो. हलकी, चपळ, वळणात मनातलं ओळखते. खरं सांगू? आज मी खूश होते. दादाला हीच शोभेल असं वाटलं. कॅनॉलवर तो असाच पळवायचा.

१४ जानेवारी, संक्रांत

दहिवडीचे नानासो दादाच्याच युनिटमध्ये आहेत. त्यांच्या बायकोचा, रेश्मावहिनींचा फोन आला तिळगुळाचा. आईनं युनिटच्या पत्त्यावर पार्सल पाठवलं होतं. वहिनी म्हणाल्या, "आवं, लाडू लय ग्वाड झाल्ते म्हणं. जयराजभावजींच्या वाटणीचं बी ह्यांनीच खाल्लं." दादाचे लाडू त्यांनी का खाल्ले, असं मी म्हणतेय तोवर वहिनी गडबडल्या. मग कुकर झाला म्हणून फोन ठेवला.

आईला मी फक्त "लाडू गोड झाले होते" एवढंच सांगितलं. आई खूश. आबांनी तिळगूळ हातात घेतला आणि तसाच धरून बसले. मुठीत पाघळला.

तासाभरानं दादाचा फोन. लाडू मिळाले का, असं आईनं विचारलं. ते विचारायला नियमाची आडकाठी नाही. तो म्हणाला, "व्हय, झक्कास झाल्ते."

हे खोटं आहे. दादा आईशी खोटं बोलला.

१६ जानेवारी

राखाडीचा हिशेब: एकशे चाळीस वेळा डावा पाय. गिअर जरा चुकला की इंजिन धडपडतं, सारखं बदलत राहा. पट्टी आखूड, बूट नीट नसेल तर अंगठ्याच्या मुळाशी दुखतं.

पण आज तिनंच वाचवलं. संध्याकाळी सातच्या सुमाराला कोरेगाव सोडलं आणि पुढं रस्त्यातच उसाचा ट्रॅक्टर उभा. मागं दोन ट्रॉल्या, दिवा नाही, लाल कापडसुद्धा नाही. काळोखात काळोख. ब्रेक दाबला, गाडी सरळ रेषेत थांबली. उसाची पाती हेल्मेटला लागली! निळी एवढ्यात थांबली असती का? सांगता येत नाही.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "मागचा ब्रेक मारलास का निस्ता पुढचा?" म्हटलं दोन्ही. "निस्त्या पुढच्यावर थांबती का बघ. आनी सिग्नलला उजवा पाय टेकवून थांब. डावा वरच ठिव."

"असं कोण थांबतं?"

"तू थांबून बघ की गड्या."

गड्या म्हणतो तेव्हा त्याला काहीतरी लपवायचं असतं. लहानपणापासून.

१७ जानेवारी, शुक्रवार

पडले.

समर्थ मंदिराच्या चढावर सांगितल्यासारखं केलं. उजवा पाय खाली टेकला, म्हणजे मागचा ब्रेक सुटला. गाडी मागं सरकली, तोल गेला, उजव्या अंगावर आडवी. कोपर सोलला, ब्रेकचा दांडा वाकला. दोन कॉलेजच्या मुलांनी उचलून दिली.

ऋषिराजला घाबरतच फोन केला. तो म्हणाला, "दांडा जाऊ दे खड्ड्यात. तुला लागलं का?"

१८ जानेवारी

दादाला सांगितलं, पडले म्हणून. फोनमध्ये टक, टक, असा आवाज. कुणीतरी काठी टेकत चालल्यासारखा. मग थांबला.

"उचलताना? एकट्या उजव्या पायावर जोर दिऊन उचलती का?"

लागलं का विचारलं नाही. माझा दादा. कॅनॉलवर चप्पल टाकून धावत येणारा. मी फोन ठेवून दिला आणि न्हाणीघरात जाऊन रडले. कोपरासाठी नाही.

२० जानेवारी, सोमवार

घरी आले तर गवंडी. दारातल्या तीन पायऱ्या फोडून आबा उतार करून घेतायत.

"गाडी वर चढवाय," आबा म्हणाले.

पटलं. पण आबांनी आयुष्यात आपली गाडी कधी ओट्यावर चढवली नाही. शेडमध्ये लावतात.

२१ जानेवारी

उताराच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पाइप बसवले. कमरेएवढ्या उंचीवर.

"आबा, गाडीला कठडा कशाला?"

"तुझ्या आयचं गुडघं दुखत्यात."

आई अजून ज्वारीचं पोतं कडेवर घेऊन माळ्यावर चढते. तीही बघत होती, पिठाचे हात तसेच. ती म्हणाली, "माझं न्हाईत दुखत." गवंड्यानं पाइप हलवून बघितला, घट्ट होता.

२२ जानेवारी

राखाडी दुरुस्त करून द्यायचीय, म्हणून कुठल्या तारखेला पडले ते बघायला वही उघडली. आणि मागची सगळी पानं वाचत बसले.

मी दोन गाड्यांची तुलना लिहीत होते. दादा कशाची करत होता? गाडी किती पळते, एकदा विचारलं नाही. ॲव्हरेज नाही. रंगसुद्धा नाही. डावा पाय किती वेळा. डावा वर ठेव. एकट्या उजव्यावर उचलते का. आणि ती ताट देणारी मराठी बाई पोस्टवरची नाही, दवाखान्यातली.

अजून एक आठवलं, तेव्हा लिहिलं नव्हतं. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आबांना एक फोन आला. अंगणात जाऊन बोलले. टाचा जुळवून, छाती काढून, अटेन्शनमध्ये. आत आले आणि म्हणाले, राँग नंबर. राँग नंबरशी अटेन्शनमध्ये कोण बोलतं? मी बघितलं होतं, आईनंही बघितलं होतं. आणि आम्ही विचारलं नाही. विचारायचं नाही, हे अंगात इतकं मुरलंय की फोन ठेवून आत आलेल्या आबांनाही विचारलं नाही.

दोन महिने झाले. तो तिकडं एकटा, आबा इकडं एकटे. आणि मी सीटची उंची लिहितेय.

अक्षर बघवत नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

सकाळी त्याचा फोन. स्पीकर लावला. आई समोर, आबा पाइपाला धरून दारात.

"ठरलं का मग? निळी का राखाडी?"

मी नियम मोडला. "दादा, डाव्या पायाला काय झालं?"

टक, टक थांबलं. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की अजून बोटं उमटलीत.

"न्हाई ऱ्हायला," तो म्हणाला. "गुडघ्याच्या खालनं. तू निळीच घी अंके."

आबा आत आले. माझ्या हातातला फोन घेतला, दोन्ही हातांनी धरला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं.

"कसा हायेस रं, बाळा?"