दोन इंजिनांवर घरी

३ नोव्हेंबर
म्युझियममध्ये व्हॉलंटियर गाईड झालो. मला दुसऱ्या महायुद्धातलं बॉम्बर विमान दाखवायला दिलंय. जर्मनीहून परतताना चारातली दोन इंजिनं बंद, काच फुटलेली, खाली सगळीकडे धुकं. तरी पोरं घरी उतरायची. ऐकताना एक बाई रडल्या. मी चांगलं सांगतो.
येताना वाटेत एक मेलबॉक्स. रस्त्याच्या फार जवळ लावला होता. गाडीचा उजवा आरसा गेला.

७ नोव्हेंबर
टोरोंटोहून ईशानीचा फोन. मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत ड्राइव्ह करू नका, प्लीज, बाबा. आणखी काही झालं तर किल्ली ती नेणार, आणि मला तिच्या बेसमेंटमध्ये. आरशाचं सांगितलं नाही. काळजी करते उगाच.

१२ नोव्हेंबर
सेसिलही गाईड आहे. मूळ अलिबागचा, मराठी अजून तिथलीच. आज चहाच्या वेळी म्हणाला, पायलटला काय दिसायचं, डोंबल! नेव्हिगेटर पडद्यामागे नकाशा घेऊन बसायचा. तो सांगेल तिकडे हा वळवायचा. तुझंही तेच रे, प्रताप. वहिनी होत्या तोवर तू नुसतं स्टिअरिंग धरलंस.
हसलो. इतकी वर्षं गाडी मीच चालवली. नीलिमा शेजारी बसून बोलायची फक्त. अहो, स्टॉप साइन. अहो, सायकलवाला. अहो, आता डावीकडे.
मार्चमध्ये ती गेली. तेव्हापासून गाडीत शांतता. लक्ष चांगलं लागतं.

१९ नोव्हेंबर
एका सायकलवाल्याने बॉनेटवर मूठ आपटली. डेंट त्याचा आहे, माझा नाही. वर चिखल लावून ठेवला.

२४ नोव्हेंबर, दुपार
धुकं. संध्याकाळी ईशानी येणार. तिच्याआधी पोचायचं, गाडी घरच्या गॅरेजमध्ये नीट उभी दिसली पाहिजे. सेसिल म्हणाला, थांब, मी सोडतो. नको म्हटलं. आज सिद्धच होईल.

२५ नोव्हेंबर
काल पोचलो. एक ओरखडा नाही. गाडी ड्राइव्हवेच्या अगदी मधोमध. गॅरेजचा रिमोट चालेना. बॅटरी गेली असणार.
घरातून एक बाई बाहेर आल्या. तुमचं घर मागच्या रस्त्यावर, म्हणाल्या. हळू आवाजात. गेल्या आठवड्यातही इथेच आला होतात.
ईशानीला फोन मीच केला. ती घरून चालत आली. किल्ली मीच तिला दिली.
ती स्टिअरिंगवर बसली, मी शेजारी. नीलिमाची सीट पुढे ओढलेली होती, तशीच ठेवली.
कोपऱ्यावर स्टॉप साइन होतं. मला दिसलं नाही. ईशानी आपणच थांबली.