मावंदं आधीच जेवून गेलेल्यांसाठी

मी, श्रीमती सत्यशीला कानिफनाथ वाबळे, वय ६४, राहणार सावेडी, अहिल्यानगर, मूळ गाव मौजे खडकओढा, ता. नगर, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. धंद्याच्या जागी टायपिस्ट 'घरकाम' टाकायला निघाला होता. बावीस वर्षे मी खडकओढा ते नगर दुधाचा टेम्पो चालवला. म्हणून तिथे 'वाहनचालक, निवृत्त' असे लिहायला लावले आहे.

माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉ. वैजनाथ यांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझे धाकटे दीर आबासाहेब भावकीत 'वहिनींचं डोकं फिरलंय' असे सांगत हिंडत आहेत. डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी शेवटपर्यंत केले आणि म्हटले, माझ्या पैशातून किती वजा झाले ते आबासाहेबांना विचारा, त्यांनाही जमते का बघू.

हे लिहिताना कोणाचा दबाव नाही, असे लिहायची रीत आहे. मला ते लिहवेना. वकील सविता यांनी समजावले, म्हणून नेमके लिहिते: कागद करण्याचा आग्रह माझ्या घरच्यांचा, कागदातला शब्द न् शब्द माझा.

आग्रह कसा झाला तेही नोंदवून ठेवते. मी आणि माझी धाकटी जाऊ मनकर्णा, म्हणजे आबासाहेबांची बायको, न्यूझीलंड या देशात जाऊन एक गाडी भाड्याने घेणार आणि त्या गाडीतच राहून तो देश फिरणार, असे मी मागच्या वर्षी सांगितले. गाडीतच पलंग, गाडीतच शेगडी, गाडीतच मोरी. तो देश निवडला कारण तिथे आपल्यासारखेच डाव्या बाजूने चालवतात. हे ऐकून आबासाहेब म्हणाले, "वहिनी, ह्या वयात तिकडं काय झालं तर? आधी वाटण्या करा, कागद करा, मंग कुठं जायाचं तिकडं जा." माझा मुलगा हर्षल मान डोलवत होता. मी जिवंत समोर बसले होते आणि यांची माझ्या घरावरून चर्चा सुरू झाली. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. तेव्हा घ्या, केला कागद.

१. सावेडीचे घर. हे घर मी दुधाच्या धंद्यातून घेतले. माझ्या पतीचा, कै. कानिफनाथ यांचा, त्यात आनंदाने होकार होता, पैसा माझा होता. हे घर माझ्या मागे हर्षल आणि त्याची पत्नी आरती या दोघांना अर्धे-अर्धे. हर्षलला पूर्ण मिळेल असे त्याने धरून ठेवले होते. का मिळाले नाही, ते कलम तीन वाचल्यावर त्याला कळेल, आणि कळले नाही तर आरती समजावून सांगेल.

२. खडकओढ्याची दोन एकर जमीन. ही माझी स्वकष्टार्जित आहे, वाडवडिलांची नाही, भावकीचा तिच्यावर काडीचा हक्क नाही. आबासाहेबांच्या विहिरीकडे जाणारा गाडीरस्ता या जमिनीतून जातो. त्या रस्त्यापायी गेली नऊ वर्षे ते ही जमीन मला 'आपसात' मागत आहेत. ही जमीन मी माझी जाऊ मनकर्णा आबासाहेब वाबळे हिला देते. तिला एकटीला. तिने ती नवऱ्याच्या नावावर करू नये, गहाण टाकू नये आणि कोणी रडून दाखवले तरी विरघळू नये. यापुढे विहिरीवर जायचे तर आबासाहेबांनी बायकोला विचारावे.

मात्र एक अट. मनकर्णा माझ्याबरोबर या प्रवासाला जाऊ शकली नाही, म्हणजे तिला अडवले, कोंडले, आजारी पाडले किंवा आजारपणाचे सोंग करून घरात बसवले, तर ही जमीन ग्रामपंचायतीला जाईल. तिथे जनावरांसाठी पाण्याचा हौद बांधावा आणि गावच्या गुरांनी रस्त्यात खुशाल बसावे. आबासाहेबांनी दोनदा 'नुसता बघायला' म्हणून मनकर्णाचा पासपोर्ट मागितला. तो आता वकिलांच्या कपाटात आहे.

३. प्रवासाची रक्कम. आता मुद्द्याचे बोलते. हे लिहिताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

या प्रवासाचा अंदाज मी आणि आरतीने मिळून केला. तो घाईत केलेला नव्हता. विमानाची तिकिटे, व्हिसा, गाडीचे भाडे, डिझेल. डिझेलच्या गाडीला तिथे किलोमीटरप्रमाणे वेगळा सरकारी कर पडतो, तोही धरला. गाडीला ओरखडा आला तर मोठी रक्कम कापतात, म्हणून रोज थोडे जास्त भरून पूर्ण विमा घ्यायचा ठरवला. मी टेम्पो बावीस वर्षे बिनओरखड्याचा चालवला असला तरी परक्या मुलखात परीक्षा नको. दोन बेटांच्या मधल्या बोटीचे गाडीसकट भाडे धरले. बाहेर जेवायचे नाही, गाडीत भाकरी थापायची, पीठ तिथेच घ्यायचे, कारण विमानतळावर खाण्याची एकेक पुडी उघडून बघतात. साठ दिवसांचे दोघींचे अकरा लाख झाले. हर्षल म्हणाला, "आई, यापेक्षा ग्रुप टूर कर ना, सात दिवस, जेवणासकट." सात दिवस कोणाच्या तरी झेंड्यामागे पळायचे तर मी गावच्या जत्रेत पळेन.

अकरा लाख माझ्या ठेवीत होते. ठेवीवर दुसरे नाव हर्षलचे होते, अडीअडचणीला असावे म्हणून.

आमच्याकडे काशी करून आलेला माणूस मावंदं घालतो. म्हणजे तिथून आणलेल्या गंगेच्या पाण्याची पूजा करतो आणि गावाला जेवण देतो. मग यात्रा पुरी झाली असे मानतात. आबासाहेबांनी काय केले? आम्ही जायच्या आधीच मावंदं घातले. मी व्हिसाच्या कामासाठी आरतीबरोबर मुंबईला गेले होते. परत आले तर दारात पत्रिका: 'परदेशयात्रेनिमित्त मावंदं, आपण सर्वांनी अगत्याने यावे.' शेतात मांडव, आचारी, लाऊडस्पीकर, लापशी, बुंदी, वांगी-बटाट्याची भाजी, आणि सहाशे माणूस. तिथले पाणी अजून यायचे होते, म्हणून विकतच्या जारच्या पाण्याची पूजा लावली होती. मला आणि मनकर्णाला पाटावर बसवून गळ्यात हार घातले. बायका पाया पडायला लागल्या. एवढ्या लोकांत तोंड उघडावे तर सहाशे जणांच्या ताटावरून भांडल्याचे पाप.

खर्च तीन लाख वीस हजार. तो माझी ठेव मोडून हर्षलने दिला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला आबासाहेबांइतका हात कोणाचा हलका नाही, आणि हलवायाचा मुलगाच दार उघडून द्यायला उभा असेल तर विचारायलाच नको.

मांडव सुटल्यावर मी दोघांना समोर बसवले. हर्षल म्हणाला, "मान तुझाच वाढला ना आई? काका म्हणाले, दोघी एवढ्या लांब जाणार, परत येतील न येतील, गावाचं जेवण राहायला नको." म्हणजे मी मेले तर गावाचे जेवण बुडेल, ही यांची काळजी!

आणि आबासाहेब काय म्हणाले ते मी जसेच्या तसे लिहिते. "वहिनी, मावंदं झालं म्हंजी यात्रा झाली. लोकांनी पाया पडून घेतलं, तुमाला पुण्य लागलं. आता परत कशापायी जायाचं? आन् हिला तर मी धाडनार न्हाई. मावंदं झाल्यावर पुन्ना यात्रेला गेलेलं मानूस कोनी पाह्यलंय का?"

तेव्हा मला उमगले. तो खुळेपणा नव्हता. आम्ही जाऊ नये म्हणूनच ते जेवण घातले होते, आणि तेही आमच्याच पैशाने.

गाडीच्या भाड्याची उरलेली रक्कम मुदतीत भरता आली नाही. नोंदणी रद्द झाली, आगाऊ रक्कम बुडाली. त्यावर मी टेम्पो विकला. जे जमले त्यात पुन्हा हिशेब बसवला. साठ दिवसांचे चाळीस केले. तिथला उन्हाळा सोडून हिवाळ्याच्या तोंडी, म्हणजे आपल्या मे-जूनमध्ये, गाडी जवळपास निम्म्या भाड्यात मिळते, ती घेतली. आम्ही थंडीत कुडकुडलो तर त्याचे श्रेय लापशीला.

सबब ठरवते की प्रवासाचे पैसे सोडून माझ्या मागे जी रोख रक्कम राहील तिच्यातून हर्षलला काही नाही. त्याचा वाटा त्याने सहाशे लोकांना वाढून टाकला आहे. ती सगळी आरतीला. तिच्यावर काका-पुतण्याने हात फिरवू नये म्हणून या मृत्युपत्राची अंमलबजावणीही मी आरतीवरच सोपवते. हा प्रवास कळल्यापासून घरात तिनेच एकटीने मला विचारले, "आई, तिथे घाटात गाडी मागे घसरली तर हँडब्रेक कुठल्या हाताला असेल?" बाकी सगळ्यांनी विचारले की घर कोणाला.

४. आहेर. त्या जेवणात आम्हा दोघींना साड्या, खण-नारळ आणि आमच्या दिवंगत माणसांच्या नावाने टॉवेल-टोप्या आल्या. नारळ फुटले. बाकीचे सगळे माझ्या कपाटात घडी न मोडता ठेवले आहे, प्रत्येकावर देणाऱ्याचे नाव आहे. आबासाहेबांनी ते स्वतः, चालत, घरोघर परत करावे आणि प्रत्येक दारात सांगावे की यात्रा व्हायची होती. त्यांच्या गुडघ्याचे दुखणे मला माहीत आहे.

५. दागिने. पाटल्या आरतीला. डोरले माझ्या गळ्यात असेल तर काढू नये.

६. मी तिथेच मेले तर. प्रवासाच्या विम्यात प्रेत परत आणायची सोय आहे, ती वापरू नये. तिथेच जाळावे. हर्षलने विमानाने धावत येऊ नये. धावायचे होते तेव्हा तो बँकेत धावला. गावी माझा दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध, काही घालू नये. आबासाहेबांच्या न्यायाने जेवण आधी झाले की काम झाले. गावाने माझ्या नावाचे एकदा पोटभर जेवून घेतले आहे. दुसरी पंगत कोणी बसवली तर तिचा खर्च बसवणाऱ्याने आपल्या खिशातून करावा. मग बघू किती जण उठून बसवतात.

७. मनकर्णा. या कलमासाठी मी हा सगळा कागद केला, असे समजावे.

चाळीस दिवसांचा हिशेब बसवताना रात्रीच्या मुक्कामावरून माझे आणि तिचे वाजले. तिथे गाडी उभी करायला काही जागा फुकट असतात. मी त्याच धरल्या होत्या, मोठी बचत होती. आरतीने मोबाईलवर वाचून सांगितले की अशा बऱ्याच जागी पाटी असते, सकाळी लवकर जागा सोडा, नाहीतर दंड. मी म्हटले, चांगलेच की, लवकर निघू. मनकर्णा तोवर काहीच बोलली नव्हती. मावंद्यात पाटावर बसवले तेव्हाही नाही, नवऱ्याने धाडणार नाही म्हटले तेव्हाही नाही. ती म्हणाली, "आक्का, पैशे भरून ऱ्हायाची जागा बघा. जितं सकाळी कोनी उठवत न्हाई."

मी चिडले. म्हटले, इतक्या लांब झोपायला जायचे का? डोंगर, समुद्र, बर्फ बघायचे नाहीत?

ती म्हणाली, "तुमी बगा. मला बगायचं न्हाई. लगीन झाल्यापून चारला उठून धारा काढल्यात. बाळातपनात सुदीक. एकदा ऊन तोंडावर येऊस्तोवर निजायचंय मला. हितं निजले तर लोक म्हनत्यात, मेली का काय."

माझ्या टेम्पोतले पहिले कॅन तिच्याच गोठ्यातले असत. मी पाचला दारात हॉर्न वाजवी तेव्हा तिच्या धारा झालेल्या असत. त्या दुधाचे पैसे कधी तिच्या हाती पडले नाहीत, आबासाहेबांच्या खात्यावर गेले. म्हणून मी हिशेब बदलला. एक आठवडा आणखी कमी केला, पण चाळिसाचे तेहतीस दिवस झाले तरी एकही मुक्काम फुकट जागेत धरलेला नाही.

सबब, मी निघण्याआधी मेले तर प्रवासासाठी काढलेली सगळी रक्कम मनकर्णाची, आणि गाडी आरतीने चालवावी. मी वाटेत मेले तर मनकर्णाने गाडी सोडून द्यावी. पैसे भरून गाडी लावायच्या त्याच तळांवर लहान खोल्या भाड्याने मिळतात, तिथे तिने उरलेले दिवस राहावे. त्याचे पैसे मी वेगळे काढून ठेवले आहेत. परतीच्या तिकिटाच्या तारखेआधी तिला आणायला कोणीही जाऊ नये. माझ्या मरणाची बातमी तिने कळवली, तर ऐकून घ्यावी आणि फोन ठेवावा. उलट फोन करून 'कधी येतेस, गाया खोळंबल्यात' असे तिला कोणी विचारू नये. आणि करायचाच असेल, तर आधी तिथे किती वाजले ते बघावे. तिथे सकाळ असेल तर करू नये. ती झोपलेली असेल.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी स्वतःही वाचला. तो माझा आहे आणि मला पसंत आहे.

लिहून ठेवणार :
सत्यशीला कानिफनाथ वाबळे (सही)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या :
१. डॉ. वैजनाथ दगडू कर्डिले, सावेडी (सही)
२. ॲड. सविता सहादेव निमसे, अहिल्यानगर (सही)

ठिकाण : अहिल्यानगर
दिनांक : ९ एप्रिल २०२६