पूर्ण दिवसाची नोंद

३ फेब्रुवारी, सोमवार
अरीबाचं कौतुक ऐकून कान किटले. मुरगूडहून रोज ये-जा करणारी पोरगी, आमच्या कंपनीत लागून चार महिने झालेत. तिनं एक टूल लिहिलंय — टर्मिनलच्या काळ्या खिडकीत ‘पुढं’ टाइप करायचं, एंटर मारायचं, की कॅलेंडरमधल्या येणाऱ्या मीटिंगा ओळीनं समोर. एवढंच! आणि आमचे मॅनेजर सम्राट सर सगळ्यांसमोर म्हणतात, “याला म्हणायचं डोकं.”
माझी सात वर्षं झाली इथं. माझं डोकं त्यांना कधी दिसलं न्हाय.

४ फेब्रुवारी
असलंच टूल मी दोन वर्षांमागं सुरू केलतं. अर्ध्यात सोडलं. आता कुणाला सांगू?

५ फेब्रुवारी, बुधवार
सगळं ऑफिस ‘पुढं’ वापरतंय. चहाच्या गाड्यावरही तोच विषय.
संध्याकाळी घरी बसून तिचा कोड ओळ न् ओळ वाचला. चूक काढायलाच. सापडली. वेळ टाकलेल्या नोंदी बरोबर येतात. पण पूर्ण दिवसाची नोंद — सुट्टी, वाढदिवस, जिला वेळच नसते — ती यादीत येतच न्हाय. दोन ओळींची दुरुस्ती.
कळवली न्हाय. पडू दे एकदा तोंडावर, सगळ्यांसमोर.
दोन भाकरी जास्त गेल्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार
अरीबा स्वतःच टेबलापाशी आली. “सर, तुम्ही बघितलं का? काय चुकलं असंल तर सांगा की.”
“छान हाय,” म्हणालो.

१० फेब्रुवारी, सोमवार
अरीबा जिन्यात बसून रडत होती. शेजारच्या टेबलावरच्या राजनंदिनीनं कारण सांगितलं. अरीबाच्या अम्मीची, ताजबींची, हृदयाची तपासणी शनिवारी होती. ते डॉक्टर पुण्याहून महिन्यातनं एकदाच येतात. अरीबानं तारीख कॅलेंडरात टाकलती — पूर्ण दिवसाची म्हणून. हल्ली ती कॅलेंडर उघडतच न्हाय, ‘पुढं’वरच भरवसा. शनिवारी यादी रिकामी आली, तपासणी हुकली. आता पुढच्या महिन्यात नंबर.
दुपारी दुरुस्ती करून पाठवली. दहा मिनिटं लागली.

११ फेब्रुवारी
मीटिंगमध्ये अरीबा उभी राहिली. “चूक माझी होती. धैर्यशील सरांनी एका दुपारात शोधून दिली.”
टाळ्या. सम्राट सर म्हणाले, “शेवटी अनुभव तो अनुभव.”
हे ऐकायला सात वर्षं थांबलोतो. मान वर करता आली न्हाय.

१२ फेब्रुवारी, बुधवार
सकाळी अरीबा दारातच भेटली. सांगून टाकलं. चूक मला गेल्या बुधवारीच सापडलती, मुद्दाम गप्प बसलो.
तिनं बॅगेतनं ऑफिसचा लॅपटॉप काढून माझ्या हातात दिला.
“अम्मीला पहाटे ॲडमिट केलंय, सर. कामावर परत कधी येईन ठावं न्हाय. मी फक्त हा द्यायला आलते.”