डाव्या बाजूचं मागचं दार

शहागड
उन्हाळा, १९७५

प्रिय दादा,

हाताचं ग्रीस पुसून पुसून कंटाळलो, तसाच लिहायला बसलोय. पानावर डाग पडतील, पडू देत. तुला जाऊन दीड वर्ष झालं आणि मी आज पहिल्यांदा तुला पत्र लिहून राह्यलो. तू होतास तेव्हा तरी कधी लिहिलं? दोघंही दिवसभर एकाच शेडमध्ये. पाना दे, घासलेट दे, चहा सांग, एवढंच आपलं बोलणं. पण काल दुपारी नाना शेडवर आल्ते आणि मी बापासमोर पुन्हा एकदा गप्प बसलो. तेरा वर्षांत ही कितवी वेळ, कुणास ठाऊक! म्हणून आधी तुला सांगतो. मंग त्यांना सांगायला तोंड उघडंल, असं वाटतंय.

तुझी गाडी खोललीय मी. हो, तीच! तू गेल्यापासून शेडमागं लिंबाखाली उभी होती. मागच्या सीटवर कोंबडीनं अंडी घातल्ती, बॉनेटवर पाचोळा साचलेला. मला तिला हात लावायचाच न्हवता. पण जालन्याहून सेठजी आले. ही गाडी त्यांच्या वडिलांनी निजामाच्या काळात घेतली, तू त्यांच्याकडं ड्रायव्हर होतास, नवी गाडी आल्यावर त्यांनीच ही तुला देऊन टाकली, हे सगळं ते मला नव्यानं सांगू लागले. जसं काही मला ठाऊकच न्हाई! नातवाचं लग्न काढलंय त्यांनी. नवरदेव ह्याच गाडीतून मिरवायचाय, लग्नापुरती द्या म्हणाले. मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "उभी राहून गंजण्यापरीस चाललेली बरी."

"किसन, गाडी एकदम पहिल्यासारखी दिसली पाहिजे," सेठजी म्हणाले. "आणि चारी दरवाजे खुलले पाहिजेत हां! आमचा बींदराजा डाव्या बाजूनं उतरंल. ती लोखंडाची पट्टी पहिले काढ."

पट्टीचं नाव काढलं तसा मी उगाच पाना पुसत राह्यलो. पण म्हणालो, हो सेठजी, बिलकुल.

दोन महिने झाले त्याला. दादा, थकलो रे! ही गाडी हाय का गोधडी? तळाचा पत्रा म्हणून तुपाचे डबे कापून ठोकलेस आणि वरून डांबर फासलंस. मडगार्डाला भोकं पडली तर पत्रा लावायचं सोडून नुसती लांबी, पुट्टी भरत गेलास. मी खरवडायला बसलो तर अख्खा दिवस लांबीच निघून राह्यली, लोखंड काही सापडंना. स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये जुन्या मोटेचं चामडं. पेट्रोलच्या टाकीच्या भोकाला कपडे धुवायचा साबण! तुला शिव्या घालून घालून माझी जीभ दुखली.

रेडिएटर उघडलं तर आत पिवळा थर. मला आधी कळंना, मंग वास आला. बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. सवाऱ्या घेऊन निघाल्तो, भर रस्त्यात रेडिएटर गळायला लागलं, आसपास पाण्याचा थेंब न्हवता, जवळ होती ती एक कळशी. तू मागं बसलेल्या म्हातारीच्या पिशवीतली हळद मागितलीस, म्हंजे गळती तरी धरंल. म्हातारी कळवळून म्हणाली, "आरं बाबा, नवरीची हळद हाय ती!" तू म्हणालास, "मावशी, नवरीपर्यंत पोचायचं हाय का न्हाई?" सगळी गाडी हसली. म्हातारीसुद्धा हसली आणि हळद दिली. पोचलो ना आपण!

आणि तो हिरवा रंग. शाळेच्या खिडक्या रंगवून उरलेला डबा. नाना हेडमास्तर, त्यांनी त्या अर्ध्या डब्यासाठीसुद्धा सरपंचाची परवानगी घेतली होती. मंग बाह्या सरसावून तुझ्या शेजारी उभे राह्यले, "ब्रश एकाच दिशेनं मार रे लक्ष्मण." तेव्हा ते तुझं नाव घेऊन बोलायचे. रंग घासून काढताना मला ते आठवलं आणि मी पॉलिश पेपर खाली ठेवून बाहेर जाऊन बसलो.

त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधीच बोललो न्हाई. आज मी बोलतो, तू ऐक.

घनसावंगीहून मावशीच्या घरचं बारसं उरकून निघाल्तो. गाडी भरलेली. आई मागं, डाव्या दाराशी. मी एकोणीस वर्षांचा, तुझ्या गाडीवर क्लीनर. दारं लावणं माझं काम. त्या दाराची रीत मला झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगितली असती. जरा उचलायचं, मंग ढकलायचं. दोन टक वाजतात. पहिला टक म्हंजे दार नुसतं टेकलं, दुसरा वाजला म्हंजे बसलं. "किसन्या, दोन टक ऐक, मंगच हो म्हण," हे तू रोज सांगायचास. आणि मी हो म्हणल्याशिवाय तू गाडी हलवायचा न्हाईस.

त्या दिवशी मी मावशीच्या पोरांना हात हलवून दाखवून राह्यलो होतो. दार पायानंच ढकललं, पुढच्या फुटबोर्डावर उडी मारली आणि ओरडलो, "हो!"

एक टक वाजला होता दादा. एकच.

ओढ्याच्या वळणावर दार उघडलं आणि आई बाहेर फेकली गेली. खुबा मोडला. ती धुळीत पडून तुझ्याकडं बघत होती आणि म्हणत होती, "पोरांनो, घाबरू नका." घाबरू नका म्हणे! आपण दोघं तिला उचलताना रडत होतो.

जालन्याच्या दवाखान्यात नाना आले. आईला बघितलं, बाहेर व्हरांड्यात आले आणि विचारलं, "दार कुणी लावलं होतं?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "दार बराबर लावलं होतं नाना. खटकाच मोडला होता दाराचा. चार दिवसांपासून मला ठाऊक होतं. आज करू, उद्या करू म्हणून राहून गेलं." नानांनी तुझ्याकडं पाह्यलं. मंग माझ्याकडं वळून म्हणाले, "त्याला सांग, माझ्यासमोर उभा राहू नको."

तिथून जे सुरू झालं ते तू जाईपर्यंत. अकरा वर्षं! त्याला सांगा, भाकरी वाढलीय. त्याला सांगा, पाव्हणे आलेत. तू दोन हातांवर बसलेला असायचास आणि निरोप माझ्या नाहीतर आईच्या हाती यायचा. आई काठी टेकत टेकत भांडायची, "पडले मी, हाड माझं मोडलं, तुम्हाला कशाचा एवढा राग?" नाना पेपर उघडून बसायचे. तू हसून म्हणायचास, "आई, नानांना सांग, जेवतो." तुला ते हसू कुठून यायचं रे?

मी तुझं बोलणं खरं मानलं. मानायला सोपं होतं म्हणून मानलं. खटकाच मोडला होता तर एक टक वाजला काय न् दोन वाजले काय, माझा काय दोष? रोज स्वतःला हेच समजावत आलो. तरी दार लावताना कुठंही एकच टक वाजला की मी दचकायचो, हे तुला कधी दिसलं का?

दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्याच दिवशी तू बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव ठोकून सरळ केलीस आणि त्या दारावर आडवी बसवलीस. सहा बोल्ट. दार कायमचं बंद! तेव्हापासून शहागडच्या नाक्यावर रोजची कटकट. सगळ्यांनी उजवीकडून, रस्त्याच्या बाजूनं चढायचं. बाया लुगडं सावरत बोल लावायच्या, ट्रकवाले भोंगा वाजवायचे, "अरे लक्ष्मण, एक खटका बदलता येईना का तुला?" आणि मी? मीसुद्धा चार लोकांत म्हणायचो, आमच्या दादाचं काम म्हंजे असंच, ठोकून द्यायचं न् मोकळं व्हायचं. लोक हसायचे. तू बिडी शिलगावून दुसरीकडं बघायचास. हे आठवलं की मला माझीच किळस येते.

काल ती पट्टी काढली. बोल्ट गंजून एक झालेले. तीन दिवस घासलेट सोडत होतो, शेवटी छिन्नी लावली. पट्टीखाली रंग जसाच्या तसा, नवा हिरवा. मंग आतला पत्रा खोलला. म्हणलं, मोडका खटका काढून टाकू, जालन्याहून दुसरा आणू. हात आत घातला तर हाताला फडकं लागलं. धोतराचं जुनं फडकं, सुतळीनं बांधलेलं. सोडलं तर आत खटका. ग्रीसमध्ये बुडवून ठेवलेला. गंजाचा ठिपका न्हाई! सगळ्या गाडीत एवढं नीटनेटकं काम दुसरं कुठंच न्हाई दादा.

घासलेटमध्ये धुतला, हातात धरून दाबला. टक. टक.

मी तिथंच जमिनीवर बसलो. दोन्ही टक अगदी खणखणीत. तो खटका कधीच मोडला न्हवता. तुला तेव्हाच कळलं होतं. माझा 'हो' खोटा होता हे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं! आणि कुणी दार उघडून बघू नये म्हणून तू अकरा वर्षं अडाण्यासारखी दिसणारी ती पट्टी मिरवलीस.

का रे असं केलंस? मी मॅट्रिकला दोनदा नापास झाल्तो, नानांनी मला बजावलं होतं की आता आणखी काही कानावर आलं तर हे घर तुझं न्हाई. तू तिथंच उभा होतास, ऐकलं होतंस. म्हणून ना? पण मला एकदा विचारायचंस तरी! कुकुलं बाळ होतो का मी? घराबाहेर काढलं असतं तर काढलं असतं, कुठंतरी पोट भरलं असतं. तू मला वाचवलंस आणि नाना आपल्या दोघांचेही गेले. रागावलोय मी तुझ्यावर. रागावलोय आणि तू समोर न्हाईस, आता हा राग कुणावर काढू?

तुझी कावीळ वाढली तेव्हा नाना दवाखान्यात आल्ते, आठवतं? खाटेच्या पायथ्याशी उभे राह्यले आणि नर्सबाईला म्हणाले, "त्याला पाणी द्या." तू माझ्याकडं पाह्यलंस. एवढंच म्हणालास, "किसन्या, गाडीत पाणी टाकत जा." मी त्या खोलीत होतो दादा. बोललो असतो तर त्यांनी तुला तुझ्या नावानं हाक मारली असती. एक टक वाजला होता, एवढंच तर सांगायचं होतं. न्हाई सांगितलं.

आणि काल पुन्हा तेच. मी खटका हातात धरून बसलेला आणि नाना छत्री टेकत आले. रोज येतात आजकाल, जुन्या टायरवर बसतात, गाडीकडं बघतात, काही बोलत न्हाईत. काल छत्रीच्या टोकानं त्यांनी ती पट्टी हलवली. "त्याचंच काम हे. धसमुसळं," म्हणाले. "वेळेवर एक खटका केला असता तर..." मी काय केलं असंल? खटका शर्टाच्या खिशात टाकला. ते गेल्यावर बघतो तर खिशाला ग्रीसचा हा मोठा डाग. बायकोनं विचारलं, काय सांडलं? म्हणलं, काही न्हाई.

आता बास झालं. लपवून लपवून मी गाडीपेक्षा जास्त गंजलोय.

खटका आज सकाळी जागेवर बसवलाय. दार बिनतक्रार उघडतं. सेठजींच्या नवरदेवाला अजून चार दिवस हाय, त्याच्या आधी त्या जागेवर नाना बसतील. तेरा वर्षांत ते ह्या गाडीत बसले न्हाईत. उद्या सकाळी बसवणार. आई शेजारी असंल. दार मी हातानं लावणार, जरा उचलून, ढकलून. नानांना विचारणार, किती टक ऐकू आले? शाळेत आम्हाला उभं करून विचारायचे तसं. मंग सगळं सांगणार, मावशीच्या पोरांना हात हलवण्यापासून.

ते माझ्याशी बोलणं टाकतील. टाकू देत. आईला म्हणतील, त्याला सांग, दार उघड. मी उघडीन. तू अकरा वर्षं ऐकलंस, मलाही ऐकता येईल. फक्त त्यांच्या तोंडून एकदा 'लक्ष्मण' ऐकायचंय मला. ते नाव निघेपर्यंत मी गाडी जागची हलवणार न्हाई.

आणि दादा, हे तुला वचन: आता दोन टक ऐकल्याबिगर मी कुणालाच 'हो' म्हणणार न्हाई.

तुझा क्लीनर,
किसन्या